काळजी किती तास?

माझ्या नवऱ्याचा अधूनमधून पाळणा सुरू होतो. बाळाचा नव्हे, जत्रेतला. त्याच्या आतल्या कानात काहीतरी बिघाड आहे आणि त्या बिघाडाला एक लांबलचक नाव आहे, जे प्रत्येक डॉक्टर निराळं उच्चारतो. महिना-दीड महिना काहीही होत नाही. मग एका सकाळी कानाला दडे बसतात आणि अर्ध्या तासात खोली त्याच्याभोवती गरगरायला लागते. कधी चार दिवस, कधी आठ, एकदा तर अकरा. त्या दिवसांत हा सहा फुटी माणूस पलंगाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरून पडलेला असतो. पाण्याचा घोट पोटात ठरत नाही. बाथरूमपर्यंत जायचं तर आम्ही दोघं तीन पायांची शर्यत लावल्यासारखे भिंतीभिंतीने जातो. मग एका सकाळी पाळणा थांबतो. तो उठतो, दाढी करतो आणि विचारतो, "आज जेवायला काय?"

"पाळणा" हे नाव त्यानेच ठेवलं. तो कोल्हापूरचा, मी पुण्याची, त्यामुळे आजाराला काय म्हणायचं यावरूनही आमचं वाजलं होतं. मला "त्रास" असा चारचौघांत सांगण्यासारखा शब्द हवा होता. "त्रास कसला, पाळणा आहे की तो," तो म्हणाला, "तिकीट न काढता बसवतात आणि उतरवायलाच विसरतात." तेव्हापासून आमच्या घरात पाळणाच.

पूर्वी तो साइटवर इंजिनिअर होता. चक्कर येणाऱ्या माणसाला परांचीवर कुणी चढू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. आता तो इथे बहारीनला, झिंजमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मिळतील ती ड्रॉइंगची कामं करतो. घर चालतं माझ्या पगारावर. मी अदलियातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शन सांभाळते. अपॉइंटमेंट देते, रडणाऱ्या मुलांना फुगे देते आणि "दुखणार नाही ना?" असं विचारणाऱ्या बाप्यांना धडधडीत खोटं सांगते. ही नोकरी गेली तर फ्लॅट जाईल, मुलीची शाळा जाईल आणि आम्हाला चंबूगबाळं आवरून इंडियाला परतावं लागेल.

या आजाराची खरी पंचाईत आजारी पडण्यात नाही, बरं होण्यात आहे. माणूस कायम अंथरुणाला खिळलेला असला की लोक हळहळतात, डबे आणून देतात. आमचा माणूस मंगळवारी मरणाच्या दारात आणि शुक्रवारी बॅडमिंटनच्या कोर्टावर. त्यामुळे लोकांना वाटतं, एकतर तो नाटकी आहे किंवा मी. गेल्या मार्चमध्ये पाळणा नऊ दिवस चालला. मी नऊ दिवस घरी. माझी सगळी रजा संपली, वर चार दिवस उधारीवर गेले. दहाव्या दिवशी आमच्या दवाखान्याच्या मालकीणबाई सुपरमार्केटमध्ये गेल्या, तर समोरून माझा नवरा येतोय. खांद्यावर तांदळाचं वीस किलोचं पोतं, तोंडाने शिट्टी! एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण बाईंना पाहिल्यावर त्याने पोतं एका हाताने तोलून दुसऱ्या हाताने सलाम ठोकला.

मालकीणबाई बहारीनी, स्वतः दातांच्या डॉक्टर. आम्ही सगळे त्यांना "दक्तोरा" म्हणतो. स्वभावाने चांगल्या, पण हिशोबी. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. त्यांच्याशी माझं बोलणं इंग्रजी, हिंदी आणि अरबीच्या खिचडीत चालतं.

"तुझा नवरा खूप ताकदवान आहे, माशाल्ला," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "दक्तोरा, तो त्या दिवशी बरा होता."

"ते दिसलंच. हे बघ, मला भांडायचं नाही. रविवारी मला एक आकडा सांग. वर्षभरात तू किती दिवस येणार नाहीस? दहा सांग, वीस सांग. मी त्याप्रमाणे सोय करते. पण आकडा नसेल तर मला दुसरी मुलगी शोधावी लागेल."

आता पाळण्याचा आकडा मी कुठून आणू? तो काय गणेशोत्सव आहे, दीड दिवसाचा की दहा दिवसांचा ते आधी ठरवायला?

शुक्रवारी सकाळी मी हे सगळं नणंदबाईंना फोनवर सांगितलं. त्या मेलबर्नला असतात आणि प्रत्येक गोष्टीवर "आमच्याकडे नं" असं म्हणून बोलायला सुरुवात करतात. एरवी मला त्या शब्दांनीच डोकं उठतं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे नं, असं घरच्या माणसाचं करणाऱ्याला सरकार पैसे देतं. रोजचं आजारपण नसलं, असं येऊन-जाऊन असलं, तरी अर्ज करता येतो."

"येऊन-जाऊन असलं तरी?"

"तरी. नियम आहेत ढीगभर, पण विचार केलाय त्यांनी. थांब, तुला फॉर्मच पाठवते. बघ तरी."

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर निव्वळ मत्सर. जगाच्या पाठीवर कुठल्या तरी सरकारी कचेरीत एक कारकून बसला होता, आणि त्याच्या डोक्यात आलं होतं की माणूस आज ठणठणीत आणि परवा आडवा असू शकतो. आजार अधूनमधून येतो, पण घरभाडं दर महिन्याला येतं, हे त्याला कळलं होतं! त्या कारकुनाला विमानाचं तिकीट पाठवून मिसळ खायला बोलवावं, असं मला मनापासून वाटलं. इथलं सरकार इथल्या लोकांचं बघतं. आम्ही पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या फडताळात हात घालू नये, ते ठीकच आहे. पण दुसऱ्याच्या फडताळात काय ठेवलंय ते बघायला काय हरकत आहे?

फॉर्म आला. चाळीसच्या वर पानं. आमची मुलगी, वय वर्षं चौदा, इयत्ता नववी, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिने तो टॅबवर उघडला आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. नवरा कोपऱ्यावरच्या भट्टीतून गरम खुबूस घेऊन आला होता. पावाऐवजी मिसळीबरोबर खुबूस खायचा शोध त्यानेच लावला आहे, आणि त्याचा त्याला इंजिनिअरिंगच्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान आहे. आम्हाला त्या फॉर्मचा एक पैसा मिळणार नव्हता. म्हणूनच की काय, तो भरायला भलतीच मजा यायला लागली.

"फाइल नंबर काय लिहू?" मुलीने इंग्रजीत विचारलं.

"आपला सीपीआर नंबर टाक," नवरा म्हणाला. "त्यांनाही कळू दे बहारीनचं ओळखपत्र कसं असतं."

पुढचा प्रश्न आला: या व्यक्तीशी बोललेलं तिला समजतं का?

"नाही," मी म्हटलं. "लग्नापासून."

मुलीने टाइप केलं. व्यक्ती घर सोडून भटकत जाते का? "जाते. दर बुधवारी हूऱ्यात मित्राकडे, पत्ते कुटायला." आक्रमक वागते का? "क्रिकेट बघताना." जेवताना मदत लागते का? इथे नवऱ्याने स्वतः हात वर केला आणि सांगितलं, "लिही, मदत लागत नाही, आवरायला माणूस लागतो." आम्ही तिघं इतके हसलो की खालच्या मजल्यावरच्या मल्याळी आजोबांनी छताला काठी ठोकली. महिनाभरात आमच्या घरात असं कुणी हसलं नव्हतं. आकड्याची टांगती तलवार डोक्यावर होती आणि आम्ही तिलाच झोके देत होतो.

मग मुलीने विचारलं, "आई, हाऊ मेनी अवर्स... म्हणजे, बाबांची काळजी किती तास?"

"चोवीस," मी म्हटलं. विचारसुद्धा केला नाही.

"चोवीस?" नवरा ओरडला. "झोपतीस की रात्री! घोरतीस पण!"

"झोपेतही असते मला काळजी."

"आज कसली काळजी? आज मी खुबूस आणला चालत जाऊन."

"म्हणूनच. रस्त्यात पाळणा सुरू झाला असता तर?"

मुलगी वैतागली. फॉर्ममध्ये बरे दिवस आणि वाईट दिवस असे दोन वेगळे रकाने होते. "बऱ्या दिवशी किती तास, वाईट दिवशी किती, एकेक सांगा," असं काहीसं ती इंग्रजीत म्हणाली. आणि मी खरंच विचार करायला लागले. बऱ्या दिवशी मी दवाखान्यात असते, पण एक कान फोनकडे. तो आंघोळीला गेला की पाणी पडण्याचा आवाज ऐकते. तो गाडी चालवायला निघाला की पोचल्याचा फोन येईपर्यंत घड्याळ बघते. म्हणजे चोवीस तास. आणि वाईट दिवशी? वाईट दिवशी मी उलटीची बादली धुते, गोळी देते, पडदे ओढते, मानेखालची उशी सरळ करते, भात मऊ करते. त्या दिवसांत माझं डोकं इतकं शांत असतं की मलाच नवल वाटतं. जे व्हायचं होतं ते झालेलं असतं. मग घाबरायचं कशाला?

"वाईट दिवशी शून्य," मी म्हटलं.

"शुअर? शून्य लिहू?"

"लिही. ज्या दिवशी मी काळजी घेते, त्या दिवशी मला काळजी करायला वेळच नसतो."

नवऱ्याने मांडीवर थाप मारली. "नाद खुळा! म्हणजे मी आजारी पडलो की तुला सुट्टी!" आणि आमच्या लक्षात आलं की फॉर्म विचारतोय घेण्याबद्दल आणि मी सांगतेय करण्याबद्दल. मराठीने दोन्हीला एकच शब्द ठेवल्यामुळे त्या परक्या सरकारला आमच्या घराचं उत्तर उलटंपालटं मिळणार होतं. उत्तर दुरुस्त करायचं राहूनच गेलं, कारण मिसळ गार झाली होती. "राहिलेलं तूच भर," असं मुलीला सांगून मी ती गरम करायला उठले.

पण त्या खेळातून एक कामाची गोष्ट निघाली. तो फॉर्म कुठेही वर्षाचा आकडा मागत नव्हता. दुखणं येतं तेव्हा किती दिवस राहतं, तेव्हा तुम्ही काय काय करता आणि डॉक्टर काय म्हणतात, एवढंच विचारत होता. मग दुपारी मी त्याच धर्तीवर दक्तोरांसाठी टॅबवरच एक पानाचा अर्ज लिहिला. बऱ्या दिवसांत मी संध्याकाळची पाळीही करीन, कुणालाच नको असते ती. पाळण्याच्या दिवसांत तेवढे तास त्यातून वळते करावेत आणि पगार दर महिन्याला सारखा ठेवावा. शिवाय, आपण फार अडवून धरतोय असं वाटू नये म्हणून मी शेवटी एक ओळ घातली. वाईट दिवसांतही मी सकाळी दोन तास येऊन दवाखाना उघडून देईन. ती ओळ लिहून मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मुलीला सांगितलं, "फॉर्मची प्रिंट काढून आण." शुक्रवारपासून आम्ही घरात सगळ्यालाच फॉर्म म्हणत होतो. ती खालच्या स्टेशनरीच्या दुकानातून लिफाफा घेऊन आली. मी तो न उघडता पर्समध्ये टाकला. यात चूक कुणाची, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

रविवारी दक्तोरांनी लिफाफा उघडला आणि आतून चाळीसच्या वर पानं निघाली. माझा एक पानाचा अर्ज सगळ्यात वर होता, हे नशीब. पण त्यांनी तो बाजूला ठेवला आणि खालचा गठ्ठा वाचायला घेतला.

"तुझ्या नवऱ्याला बोललेलं समजत नाही? लग्नापासून?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. "दक्तोरा, ते आमचं घरातलं..."

"थांब." त्या वाचत राहिल्या. पत्त्यांवर आल्या, क्रिकेटवर आल्या. एका क्षणी त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मग भुवया आक्रसल्या. "बऱ्या दिवशी काळजीचे तास चोवीस. वाईट दिवशी शून्य. हे उलटं आहे. की हेच खरं आहे? बरा असला की तू त्याचं करतेस आणि आजारी पडला की सोडून देतेस?"

मग मला त्यांना समजावून सांगावं लागलं. इंग्रजीत जमेना, हिंदीत तर 'चिंता' वेगळी आणि 'देखभाल' वेगळी, त्यामुळे सगळी मजाच जायला लागली. शेवटी मी हातवारे केले. आमच्या भाषेत काळजी ही एकच वस्तू आहे, असं म्हणून मी हवेत एक भोपळ्याएवढी वस्तू धरली. ती घेतली की काम, ती केली की घोर.

दक्तोरा खुर्चीत मागे रेलून हसल्या. खळखळून. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "आमच्याकडेही तसंच आहे," त्या म्हणाल्या. "'हम्म' म्हणजे मनाचा घोर. 'इहतिमाम' म्हणजे जपणं, लक्ष देणं. दोन्ही एकाच मुळातून. तुमच्या लोकांनी जास्तीचा शब्द वाचवला." मग त्यांनी तीनतीनदा "हम्म, इहतिमाम" असं म्हणून बघितलं, आणि मीही म्हटलं, आणि आम्ही दोघी दुकानात बांगड्या वाजवून बघाव्यात तशा ते दोन शब्द वाजवत बसलो. बाहेर रूट कॅनॉलचा पेशंट ताटकळला होता. मला वाटलं, जिंकलं! आता काय, सही झालीच.

पानं उलटता उलटता त्या थांबल्या. हसू ओसरलं. त्यांनी ते पान फिरवून माझ्यापुढे ठेवलं आणि बोटाने ओळ दाखवली.

मी मिसळ गरम करायला गेल्यावर मुलीने भरलेलं पान होतं ते. प्रश्न असा होता, की मुख्य काळजी घेणारी व्यक्ती घरात नसेल तेव्हा कोण असतं? त्याखाली तिने इंग्रजीत लिहिलं होतं: "मी. आई अंघोळीला, दुकानात किंवा कामावर जाते तेव्हा. बाबा सांगतात आईला सांगू नकोस, म्हणून मी तिला सांगत नाही."

या ओळीत विनोद नव्हता. मी ती दोनदा वाचली. मार्चमधल्या त्या नऊ दिवसांत एकदा दवाखान्याच्या किल्ल्या द्यायला मी तासभर बाहेर पडले होते. परत आले तेव्हा बादली धुतलेली होती आणि मुलगी शाळेच्या गणवेशात सोफ्यावर बसली होती. बस चुकली, म्हणाली. मी तिला बस चुकवल्याबद्दल चांगलंच फैलावर घेतलं होतं.

दक्तोरांनी माझा अर्ज पुढे ओढला. शेवटच्या ओळीवर पेन टेकवून त्या म्हणाल्या, "वाईट दिवसांत सकाळी दोन तास येशील, असं लिहिलंयस."

"खोडा ते," मी म्हटलं.

"काय?"

"ती ओळ चुकली आहे. वाईट दिवसांत मी येणार नाही. दोन तास नाही, दहा मिनिटंही नाही. आकडाही मला सांगता येणार नाही." माझा आवाज चढला होता. ज्या बाईच्या हातात माझं घर होतं तिच्यावर मी ओरडत होते, आणि ते मला कळतही होतं. "ते दोन तास माझे नव्हते. मी ते मुलीच्या गळ्यात घालत होते. तुम्हाला दुसरी मुलगी शोधायची असेल तर शोधा."

 दक्तोरांनी पट्टी घेतली आणि ती ओळ सरळ रेघेने खोडली, दात काढावा तशी, घाई न करता. खाली सही केली. "संध्याकाळची पाळी आजपासून तुझी," त्या म्हणाल्या. "पगार कापणार नाही. सहा महिने बघू. आणि नवऱ्याला सांग, पोतं दोन्ही हातांनी धरत जा. खलास. यल्ला, पेशंटला आत पाठव."

दुपारी दवाखाना बंद असतो तेवढ्या वेळात मी घरी आले ती जवळजवळ नाचतच. जिन्यातूनच नवऱ्याला ओरडून बातमी दिली. त्याने मला उचलायचा प्रयत्न केला. मी त्याला आधी दोन शिव्या घातल्या, का ते त्याला मुलीचं नाव काढल्याबरोबर कळलं, आणि तो खाली मान घालून स्वयंपाकघरात गेला. मुलगी शाळेतून नुकतीच आली होती. कानात इअरफोन, पायात एकच मोजा.

मी तिच्यासमोर बसले आणि दक्तोरांच्या थाटात म्हटलं, "ऐक. बाबांचं करायचं तुझं काम आजपासून बंद. तुला कामावरून काढलं आहे."

तिने एक इअरफोन काढला. "यू कान्ट फायर मी, आई," ती म्हणाली. "नोबडी हायर्ड मी."

आणि ती हसली, म्हणून मीही हसायला लागले. बराच वेळ हसलो आम्ही दोघी. मग मी विचारलं, कधीपासून करत होतीस गं हे? तिने दुसरा मोजा काढता काढता सांगितलं, सातवीपासून.